धाकट्या जावयांच्या हाताचा गुण

घरात पदार्थविज्ञान शिकवणारी मी एकटीच. त्यामुळे रेडिओ बिघडला तेव्हा मला कोणी काही विचारलं नाही.

रेडिओ माझ्या सासऱ्यांचा. त्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. रेडिओ जुना, व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. बटण फिरवल्यावर आधी तापणार आणि मग बोलणार. अप्पा शाळेत कवायत शिकवत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या पाठीच्या कण्याला ते कोणी कळवलेलं नव्हतं. त्यांच्या घरात कोणी भिंतीला टेकत नसे, दाराच्या चौकटीला रेलत नसे, टेबलावर कोपर ठेवत नसे. मुलं लहान असताना टेकलेलं मूल सापडलं तर त्याला जेवणाआधी अंगणात पळावं लागे. माझा नवरा आजही बसच्या थांब्यावर खांबापासून वीतभर अंतर राखून उभा राहतो. लग्नानंतर बरेच दिवस मला वाटत होतं, याला खांबांची किळस येते.

संध्याकाळच्या बातम्या अप्पा रेडिओवरच ऐकत. मोबाईलवर बातम्या ऐकणं त्यांच्या मते अंथरुणात पडून जेवण्यासारखं होतं.

बिघाड असा होता: काच उजळायची, व्हॉल्व्ह तापायचे, आणि मग नुसती खरखर. खरखरीच्या मागे कुणीतरी बोलतंय एवढं कळायचं, पण शेजारच्या घरातल्या भांडणासारखं. आवाज येतो, मुद्दा पोचत नाही.

अप्पांनी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे पाठवला. दुकानात तो स्वच्छ वाजला. घरी आणला, खरखर. पुन्हा पाठवला, पुन्हा दुकानात वाजला. दुरुस्तीवाल्याने एकदा एक व्हॉल्व्ह बदलला, एकदा आतली धूळ उडवली आणि शेवटी हात जोडले. "सेट ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तुमच्या घरातच काहीतरी आहे, ते बघा."

हे वाक्य घरी येईपर्यंत चांगलंच फुगलं. सासूबाईंचा संशय समोरच्या शिंपीणबाईंवर गेला. त्यांनी मागे एकदा रेडिओचं जरा जास्तच कौतुक केलं होतं. माझ्या नवऱ्याने शेजाऱ्यांच्या नव्या फ्रिजकडे बोट दाखवलं. मोठे जावई, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे यजमान, दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि वजनमापांचे निरीक्षक आहेत. त्यांनी रेडिओ दोन्ही हातांनी उचलला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हलका झालाय."

धाकट्या जावयांना कोणी मत विचारलं नाही. ते आणि माझी धाकटी नणंद आमच्याच घरात, वरच्या खोलीत राहत. ज्या छापखान्यात ते मुद्रितं तपासत तो बंद पडल्यापासून ते घरीच होते. माणूस वाचणारा, गोड बोलणारा, पण उभं राहिलं की काहीतरी आधार लागणारा. कपाट, जिना, फ्रिज, दुसऱ्याची स्कूटर, काहीही चाले. अप्पा त्यांना पाठीमागे टेकू म्हणत. समोर काहीच म्हणत नसत. फक्त दर रविवारी विचारत, "काही जमलं का?" आणि जावई दाराच्या चौकटीला रेलून म्हणत, "बघतोय, अप्पा."

तिसऱ्यांदा रेडिओ आणायला त्यांना पाठवलं, कारण बाकी सगळ्यांना कामं होती. त्यांनी तो दोन्ही हातांत धरून आणला, खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला, लावला. रेडिओच्या मागून तारेचा एक हातभर तुकडा लोंबत असे. तो पेटीमागे सरकवायला त्यांनी हातात घेतला आणि दमलेले असल्यामुळे दुसऱ्या हाताने खिडकीच्या लोखंडी गजांवर भार टाकून उभे राहिले.

त्याबरोबर बातम्या सांगणारी बाई खोलीत येऊन बोलावी तशी बोलू लागली.

जावई दचकले, सरळ झाले. बाई गेली.

"हात लावा! पुन्हा लावा हात!" सासूबाई ओरडल्या. त्यांनी पुन्हा तार धरली, पुन्हा सवयीने रेलले. बाई आली.

मग घरातल्या प्रत्येकाने तार धरून पाहिली. अप्पांनी टाचा जुळवून, छाती काढून, झेंडा धरावा तशी धरली. खरखर. माझ्या नवऱ्याने धरली, सासूबाईंनी पदराला हात पुसून धरली, धाकट्या नणंदेने धरली. खरखर थोडी बदलायची, एवढंच. मोठ्या जावयांना मुद्दाम बोलावून घेतलं. ते सासऱ्यांसमोर जसे नेहमी उभे राहतात तसे, शपथ घेतल्यासारखे उभे राहिले. त्यांना खरखर सगळ्यात जास्त आली.

त्या संध्याकाळी ठरलं की धाकट्या जावयांच्या हाताला गुण आहे.

का आहे, याबद्दल मतभेद होते. "मनाने साफ आहेत ते," सासूबाई म्हणाल्या. माझ्या नवऱ्याच्या मते रक्तदाब कमी असलेल्या माणसांचं असं होतं. मोठे जावई म्हणाले, "दिवसभर काही काम नाही. शक्ती साठून राहते. ती कुठूनतरी बाहेर पडणारच."

पण मान मिळायचा तो मिळू लागला. संध्याकाळी पहिला चहा धाकट्यांना. जावईबापू हा शब्द त्या घरात तोवर एकाच माणसासाठी राखीव होता, तो आता दोघांत वाटला गेला आणि मोठा वाटा धाकट्यांकडे गेला. शेजारचे लोक बातम्या ऐकायला कमी आणि त्यांना बघायला जास्त येऊ लागले. रविवारचा प्रश्न बंद झाला. एकदा फक्त अप्पांना राहवलं नाही. बातम्या चालू असताना ते खेकसले, "अरे, सरळ उभा राहा जरा!" जावई तत्काळ सरळ झाले. रेडिओ तत्काळ गेला.

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "लागलं त्यांच्या मनाला. आता वाजतोय होय!"

अप्पा ओशाळले. मी त्यांना ओशाळलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी धाकट्या जावयांच्या उभं राहण्याकडे बघणंच सोडलं. बातम्या ऐकताना ते डोळे मिटून घेत.

मी स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होते. त्याआधी एका दुपारी, घरात कोणी नसताना, मी रेडिओची मागची फळी काढून एक गोष्ट तपासून घेतली होती: सेटला ट्रान्सफॉर्मर आहे, आणि हातात धरायच्या तारेत घरातल्या विजेचा प्रवाह उतरत नाही. माणूस रोज तार धरणार असेल तर हे कुणीतरी बघायला हवं होतं. बाकी मी काही बोलले नाही. घरात शांतता होती. एका माणसाला पहिल्यांदा गरम चहा मिळत होता. वैज्ञानिक सत्य थोडे दिवस थांबू शकतं, त्याला दुसरीकडे कुठे जायचं नसतं.

मग नोकरी आली.

दूरच्या गावातल्या एका शाळेला ग्रंथपाल हवा होता. धाकट्या जावयांनी कधीतरी अर्ज केला होता. शाळेतून फोन आला: सोमवारी हजर व्हा, राहायला दोन खोल्या आहेत. नणंद धावतच जिना उतरून खाली आली आणि तिने बातमी सांगितली.

सासूबाईंनी आधी रेडिओकडे पाहिलं. मग अप्पा म्हणाले, "एवढी घाई काय आहे?"

"अप्पा, तुम्हीच तर दर रविवारी विचारत होता."

"विचारत होतो. जा म्हणत नव्हतो. नोकऱ्या काय, येत राहतात."

"आणि पुस्तकांची धूळ वाईट," सासूबाई म्हणाल्या. "हाताचं काही झालं तर?"

नणंदेने नवऱ्याकडे पाहिलं. ते कपाटाला रेलून आपल्या हाताकडे पाहत होते. "बघू," ते म्हणाले. "शाळेला कळवू, की इथली काही व्यवस्था लागेपर्यंत..."

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तिथे नणंद आली. तिच्या हातात ओला टॉवेल होता. तो तिने पिळलेला असूनही पुन्हा पिळला.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक आहे ना तो का वाजतो ते?"

"अंदाज आहे."

"मग दुरुस्त करा तो. मला त्या दोन खोल्या हव्यात. फोनवर सांगत होते, स्वयंपाकघराला वेगळं दार आहे म्हणून. वेगळं दार, वहिनी! मी इथेच जन्मले, लग्न करून जिना चढून वर गेले, आणि आता हे त्या टेबलाशेजारी उभे राहून म्हातारे होणार. यांना तर आवडायलाच लागलंय. काल भाजी मी चिरत होते, तर म्हणतात कसे, सुरी मला देऊ नकोस, हाताला जपायला हवं."

मी हसले. ती हसली नाही. "सोमवारी हजर झाले नाहीत तर ते दुसऱ्याला घेणार आहेत," ती म्हणाली.

टॉवेल वाळत घालायला तिने दोरी ओढली आणि मी दोरीकडे नीट पाहिलं. निळी, नायलॉनची, नवी. तिची दोन्ही टोकं दोन खांबांवरच्या चिनीमातीच्या पांढऱ्या इन्सुलेटरना बांधलेली होती. कपड्यांच्या दोरीला इन्सुलेटर कोणी लावत नाही.

"इथे आधी काय होतं गं?"

"तार होती. तांब्याची. आई त्याच्यावरच कपडे वाळत घालायची, मी लहान होते तेव्हापासून. मग गच्ची गळायला लागली, लेप लावायला माणसं आली, त्यांनी ती काढून टाकली. आईने किती आरडाओरडा केला तेव्हा, कपडे कुठे घालू म्हणून. दादाने ही दोरी आणून दिली. हिचे डाग नाही पडत कपड्यांना."

म्हणजे घराने रेडिओची एरियल काढून टाकली होती, तिच्या जागी नायलॉनची दोरी बांधली होती, आणि फरक फक्त कपड्यांच्या डागांत मोजला होता. दुकानात एरियल होती म्हणून रेडिओ दुकानात वाजत होता. आणि आमच्या घरी खिडकीचे गज जिन्याच्या लोखंडी कठड्याला जोडलेले आहेत, कठडा वरपासून खालपर्यंत जातो. एवढं लोखंड एरियलचं काम बऱ्यापैकी करतं. फक्त ते तारेला जोडायला मध्ये कोणीतरी टेकायला हवं. आणि या घरात टेकणारा माणूस एकच होता.

त्या संध्याकाळी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तांब्याची थोडी तार आणली. सगळे जमले होते. मी तारेचं एक टोक रेडिओमागच्या तुकड्याला पिळलं, दुसरं खिडकीच्या गजाला. रेडिओ लावला. बाई खणखणीत बोलू लागली. धाकटे जावई खोलीच्या मध्यभागी उभे होते. हात मोकळे.

मला वाटलं, झालं.

"वाजतोय," अप्पा थोड्या वेळाने म्हणाले. "पण आवाजात शिस्त नाही."

"कोरडा येतोय," सासूबाई म्हणाल्या.

"हे खोलीत आहेत म्हणून वाजतोय," माझा नवरा म्हणाला.

मी धाकट्या भाऊजींना बाहेर अंगणात जायला सांगितलं. ते गेले. रेडिओ वाजत राहिला. मी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पाठवलं. रेडिओ वाजत राहिला.

"इतके दिवस हात लावलाय त्यांनी," सासूबाई म्हणाल्या. "एका संध्याकाळीत उतरेल होय तो गुण?"

मी विद्यार्थ्यांना शिकवते की कोणत्या निकालाने आपलं म्हणणं चुकीचं ठरेल, हे प्रयोगाआधी ठरवून घ्यावं. हे मी घरी करायला विसरले होते.

भाऊजी दुकानातून परत आले आणि दारातच थांबले. रेडिओ चालू होता. "म्हणजे माझं काहीच नव्हतं," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता, की मला तो प्रयोग केल्याची लाज वाटली.

"असं कसं म्हणता, जावईबापू!" सासूबाई उठल्याच. "तारेचं काय, आज आहे उद्या नाही."

उद्या खरोखरच नव्हती. सकाळी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा अडकवलेला होता. संध्याकाळी भाऊजी पुन्हा टेबलाशेजारी रेलले होते, आणि नणंद वरच्या खोलीतून खालीच आली नाही.

आता दिवस हातात थोडे होते. मी विचार केला, की या घराला तार नको आहे. माणूस हवा आहे. मग प्रश्न एवढाच उरतो, की कुठला माणूस.

मोठे भाऊजी त्यांच्या दारात भेटले. चहा झाला. मी सरळ सांगितलं.

"भाऊजी, तो रेडिओ तुमच्याही हाताने वाजेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "मी धरून पाहिलं होतं, वहिनी. सगळ्यांसमोर."

"तुम्ही ताठ उभे होता. उजव्या हातात तार धरायची, आणि डावा हात खिडकीच्या गजावर. उघडी कातडी लोखंडाला लागली पाहिजे. वाजतं ते त्या लोखंडामुळे. कोणीही धरलं तरी..."

"गजावर," ते मधेच म्हणाले. "म्हणजे टेकून?"

"टेकून."

"अप्पांसमोर?"

"त्या वेळी ते डोळे मिटून बसतात."

ते उठले, खिडकीपाशी गेले, स्वतःच्या घराच्या गजावर हात ठेवून पाहिला. शरीराला ते नवीन होतं. आधी खांदा गेला, मग कंबर राहिली. "असं?"

"गुडघा थोडा सैल सोडा."

"ऑफिसात टेकतो मी कधीकधी," ते हळूच म्हणाले. मग गज पुन्हा आवळून: "म्हणजे पकडीत आहे सगळं. मला तेव्हाच वाटलं होतं, धाकट्याची पकड वेगळी आहे."

"लोखंडात आहे, भाऊजी."

"हो, हो. लोखंड आहेच. पण पकड!"

मी एकही खोटं वाक्य बोलले नव्हते. ऐकणं त्यांच्याकडे होतं.

शनिवारी संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि बाह्या कोपराच्या वर दुमडल्या. "जरा मी बघू का?" असं सहज विचारून त्यांनी तार हातात घेतली. धाकटे जावई दिलदारपणे बाजूला झाले; त्यांना काय होणार ते माहीतच होतं. अप्पांनी डोळे मिटले. मोठे जावई गजाकडे झुकले. आधी खांदा, मग कंबर, मग गुडघा.

बाई बोलू लागली.

सासूबाईंच्या हातातला चहा बशीत सांडला. "अगं बाई! यांच्याही हाताला आहे!"

अप्पांनी डोळे उघडले. समोर त्यांचा मोठा जावई, वजनमापांचा निरीक्षक, खिडकीला पानाच्या ठेल्यावरच्या माणसासारखा रेलला होता. अप्पांच्या चेहऱ्यावर आयुष्यभराची कवायत एकदा येऊन गेली. मोठे जावई घाबरून सरळ होणार, एवढ्यात अप्पा ओरडले, "हलू नकोस!" आणि मग, स्वतःलाच समजावत, "हे टेकणं नाही. ही स्थिती आहे. डावा हात आधाराला, उजवा मोकळा, भार एका पायावर. याला स्थिती म्हणतात."

त्या स्थितीसाठी त्यांनी लगेच कवायतीचा हुकूमही तयार केला. "रेडिओ... स्थिती!" दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मोठ्या जावयांचा खांदा, कंबर आणि गुडघा एका झटक्यात जागेवर गेले.

धाकटे जावई खोलीच्या मध्यभागी उभे होते. नणंद त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने त्यांचा हात धरला, तोच, गुणाचा. "अप्पा," ती म्हणाली, "आता इथली व्यवस्था लागली."

"लागली की," अप्पा मोठ्या जावयांवरची नजर न काढता म्हणाले. "तुम्ही जा. नोकऱ्या काय वाट बघत बसतात होय!"

रविवारी संध्याकाळी दारात टॅक्सी उभी राहिली. दोन बॅगा, एक खोकं पुस्तकांचं, एक खोकं भांड्यांचं. निरोप आटोपता घ्यावा लागला, कारण बातम्यांची वेळ होत आली होती. धाकट्या जावयांनी मात्र सगळं रीतसर सोपवलं. "तार फार आवळू नका," ते मोठ्यांना सांगत होते. "हाताला घाम असेल तर चांगलंच. आणि मन शांत ठेवा. ते कळतं त्याला." मोठे जावई मान हलवत होते. पहिला चहा त्यांच्या हातात होता.

नणंद आधीच टॅक्सीत बसली होती. मी दाराशी उभी होते. भाऊजी आले, एक पाय आत टाकला, आणि खिडकीतून बाईचा आवाज आला. चांगला आला, मग डळमळला, मग पुन्हा खरखर.

ते तसेच थांबले. एक पाय आत, एक बाहेर, हात टॅक्सीच्या टपावर टेकलेला. चेहरा उजळला होता.

"हात सरकलाय त्यांचा," ते म्हणाले. "एक मिनिट सांगून येतो."

"नाही," नणंद म्हणाली.

"अगं, एकच मिनिट. त्यांना जमत नाहीये."

"जमेल. पाय आत घ्या."

आतून अप्पांचा हुकूम ऐकू आला. बाई दोन वाक्यं बोलली आणि पुन्हा गेली. सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "जावईबापू, गेलात का?"

भाऊजी उत्तर द्यायला वळले. नणंदेने त्यांच्या शर्टाची बाही धरून त्यांना आत ओढलं, त्यांच्या अंगावरून हात लांबवून दार लावलं आणि काच वर केली. काच वर जाताना मला एवढंच ऐकू आलं:

"चला हो, ड्रायव्हरदादा. आधी चला, पत्ता मग सांगते."